म्हातारी कुणासाठी बोलली

एलरहोमचा मठ,
ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार, धर्मबंदीचं तिसरं वर्ष

प्रिय हामो,

वयाने मोठी म्हणून आशीर्वाद, आणि तू आता बिशपसाहेबांच्या उजव्या हाताशी बसून लिहितोस म्हणून नमस्कार. दोन्हींतलं तुला जे पचेल ते ठेवून घे. मी बरी आहे. मदर पेट्रोनिलाही बऱ्या आहेत, गुडघे तेवढे कुरकुरतात. सिस्टर हविसा अजून आहे. तिला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे आमच्यात सगळ्यांत समाधानी तीच. हेरिंग मासे नेणाऱ्या होडीवाल्याबरोबर धुरी दिलेली वाम पाठवते आहे. तुझ्या हातात पडेपर्यंत त्याने अर्धी खाल्लेली असेल, तर उरलेल्या अर्ध्यावर माझी माया आहे असं समज.

तुझं पत्र रविवारी मिळालं. खारट वास येत होता त्याला. भाकऱ्या भाजायची पाळी माझी होती, म्हणून एकदा वाचून बाहीत खोचलं, मग भट्टीसमोर बसून पुन्हा वाचलं. त्या नादात एक घाणा करपला.

तू विचारतोस, उपवासकाळात मठाची घंटा वाजली हे खरं का, आणि ती मी वाजवली का. खरं असेल तर तू म्हणतोस तसं मी लिहून द्यावं, की राजाचा अंमलदार फुल्क मठात घुसला आणि तलवार दाखवून त्याने ती माझ्याकडून वाजवून घेतली. असं लिहून दिलं तर पेंटेकॉस्टच्या सणाला बिशपसाहेब निकाल देतील तेव्हा माझ्या केसालाही धक्का लागणार नाही. नाही दिलं तर मला मठाबाहेर काढावं लागेल, आणि तो हुकूम तुलाच आपल्या हाताने लिहावा लागेल. हे सगळं तू फार काळजीने लिहिलं आहेस. दोन ठिकाणी शाई फुटली आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता, बाबांच्या थडग्यावर माझ्या नावाने मेणबत्ती लाव, असं लिहिलंस.

मेणबत्तीचं आधी सांगते. लावली.

हेरिंगवाला गुरुवारच्या भरतीला परत निघणार आहे. तोवर मला वेळ आहे, आणि मदरनी जुनं चर्मपत्र खरवडून दिलं आहे. तेव्हा मी सावकाश लिहिणार. तुला घाई असली तरी तू समुद्रापलीकडे आहेस, माझं काय करणार?

इथे सगळं जागच्या जागी आहे, फक्त त्यातला आवाज काढून घेतलेला. आम्ही प्रार्थना म्हणतो, पण गात नाही. दार लावून, ओठांतल्या ओठांत, झोपलेल्या पोराजवळ बसून बोलावं तसं. सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटायचं. आता कधी कधी वाटतं की आम्हीच कुणाच्या तरी झोपेत आहोत आणि मोठ्याने बोललो तर तो जागा होईल. गावातली लग्नं चर्चच्या बंद दाराबाहेर पायरीवर लागतात. नवरी दाराकडे बघते, दार काही उघडत नाही, मग नाइलाजाने नवऱ्याकडे बघते. फादर वॉरिन मरणाऱ्याची कबुली ऐकू शकतात, पण मेल्यावर त्याला चर्चच्या आवारात पुरू शकत नाहीत. लोक बांधावर जागा करतात. फादर हल्ली भाजीचा मळा फार छान राखतात.

म्हातारीचा दोर वर तुळईला बांधलेला आहे आणि तिच्या लोलकाला मेंढीचं कातडं गुंडाळलेलं आहे. नव्या लोकांना नाव सांगावं लागतं, घंटेला आम्ही म्हातारी म्हणतो. तुला सांगायला नको. ती राखायचं काम अजून माझ्याकडेच आहे. न वाजणारी घंटा राखायची म्हणजे कबुतरांची घाण झाडायची. तिच्या खांद्यावर त्यांनी घरटी केली आहेत.

पण खरं सांगू? म्हातारी वाजते. झोपेत. आम्हा सगळ्यांना तेच स्वप्न पडतं. सकाळी रांगेत उभं राहिलं की चेहऱ्यावरून कळतं, हिने ऐकलंय, हिने नाही ऐकलं. आणि जिने ऐकलं नाही तिची आम्ही जरा कीव करतो. गावातही तसंच आहे. वामवाल्या टिबची गाय संध्याप्रार्थनेच्या वेळी अजून आपली आपण परत येते आणि गोठ्यात न शिरता मनोऱ्याकडे तोंड करून उभी राहते. टिब म्हणते, तिला कसं समजवायचं की राजाचं आणि पोपचं बिनसलंय.

टिबला तरी कुठे समजलं होतं. एकदा ती वामीची टोपली घेऊन आली तेव्हा मी तिला सगळं नीट सांगितलं. बिशप कोण हे राजा म्हणतो मी ठरवणार, पोप म्हणतात मी. पोपने नेमलेल्याला राजाने देशाबाहेर घालवलं, म्हणून पोपने देशातल्या सगळ्या घंटा बांधून ठेवल्या आणि चर्चची दारं लावली. त्याचा राग येऊन राजाने मठांच्या कोठारांना कुलपं घातली. टिबने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे पांघरूण ते दोघं ओढणार आणि गारठणार आपण." आणि वाम मोजून देऊन निघून गेली.

तुला धुकं आठवतं का रे? तिकडे टेकड्या आहेत म्हणतोस, टेकड्यांवर द्राक्षं. धुक्याला तिकडे चढायचा कंटाळा येत असेल. इथे ते पाण्यातूनच उगवतं. आधी लव्हाळ्यांचे शेंडे जातात, मग वाळुंजांची झाडं, मग बांध, मग आपलेच हात. लहानपणी तू फार घाबरायचास. आपण दोघं बांधावर बसायचो, तू माझ्या शालीत शिरून. मग मनोऱ्यातून म्हातारी बोलायला लागायची. एक ठोका. मग एक 'नमो मरिया' म्हणून होईल एवढी शांतता. मग दुसरा ठोका. तुझं म्हणणं असायचं की प्रत्येक ठोक्यातून एक दोर निघतो, पाण्यावरून लांब जातो, आणि बाबा त्याला होडी बांधून घेतात. दोर दिसत का नाही, असं मी विचारलं तर म्हणायचास, धुकं आहे ना. आणि दोन ठोक्यांच्या मधे कुठेतरी तू झोपून जायचास. मग लव्हाळी बाजूला सरायची आणि बाबा यायचे, होडीत वामींचे सापळे, दाढीतून पाणी गळतंय. होडी बांधता बांधता म्हणायचे, "म्हातारीने ओढून आणलं."

गावकऱ्यांनी बांधावर उभं राहून भांडी बडवली तर चालणार नाही का, असं तू एकदा त्यांना विचारलं होतंस. ते म्हणाले होते, खालचा आवाज धुक्यात चहूकडून येतो, माणूस उलट भलतीकडे जातो. वरून येतो त्यालाच दिशा असते. तू ते फार गंभीरपणे ऐकलं होतंस.

म्हणून ही घंटा प्रार्थनेची नव्हे, होड्यांची आहे, असं आम्हाला वाटत होतं. तरी मदर पडल्या नेमाच्या. धर्मबंदीच्या पहिल्याच शरदात त्यांनी बिशपसाहेबांना विचारणा पाठवली होती, धुक्याची घंटा वाजवलेली चालेल का म्हणून. उत्तर आलं. ते तुला आठवत असेलच.

शाई संपत आली आहे आणि भाज्या निवडायच्या आहेत. उद्या पुढचं.

बुधवार

आता उपवासकाळातल्या त्या दिवसाचं. तुझ्यापर्यंत जे पोचलं ते शेजारच्या मठाधिपतींकडून पोचलं, आणि त्यांना ते बाजारातून कळलं. तेव्हा माझ्याकडून ऐक.

सकाळची वेळ होती. मी झाडू घेऊन मनोऱ्यात गेले होते. खिडकीबाहेर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. झाडं नाहीत, पाणी नाही, आभाळ नाही. मला वाटलं, जग अजून केलेलंच नाही, देव अजून विचारच करतोय, आणि मला उगाचच फार शांत वाटलं. मी झाडू टेकवून तशीच उभी राहिले. कबुतरं घुमत होती.

मग हाक आली. शब्द नव्हता, नुसती माणसाची हाक. धुक्यात सगळ्यांचा आवाज सारखाच होतो, म्हाताऱ्याचा, तरण्याचा, आपल्याचा, परक्याचा. थोड्या वेळाने पुन्हा आली, पण या वेळी उजवीकडून. जिथे आपली खाडी मोठ्या नदीला मिळते आणि ओहोटीचं पाणी ओढून नेतं, तिकडून.

मी खाली जाऊन मदरना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं, आणि ते त्यांना पूर्वी एकदा म्हणावं लागलेलं आहे.

कातड्याची गाठ इतक्या दिवसांत आवळून दगड झाली होती. बोटांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. तोंडात मेंढीची चव आली. दोर खाली सोडला, दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. पहिल्या ठोक्याला मीच दचकले. स्वप्नात ती इतकी मोठ्याने वाजत नाही. कबुतरं भिंतींवर आपटत बाहेर पडली. मग मी नमो मरिया म्हटलं, घाई न करता, शेवटपर्यंत. मग दुसरा ठोका.

किती वेळ वाजवली ते ठाऊक नाही. हाताचं कातडं सोलून निघालं ते नंतर दिसलं. मधेच कधीतरी खाली बघितलं तर सिस्टर हविसा शेवटच्या पायरीवर येऊन बसली होती, मांडीवर हात ठेवून. पायाखालच्या दगडातून तिला ठोके लागत असावेत. वर बघून म्हणाली, "आज उशीर केलास का गं?" आणि डोळे मिटून ऐकत बसली. मदरही आल्या. चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. थांब म्हणाल्या नाहीत. त्या रडत होत्या आणि पुसतही नव्हत्या.

गाव सगळं बांधावर आलं. टिबने मला नंतर सांगितलं की कुणी कुणाशी बोललं नाही. बायकांना वाटलं आपण अजून अंथरुणातच आहोत, बोललो तर जाग येईल. मग लव्हाळी सळसळली, आणि पांढऱ्यातून होडीचं नाक बाहेर आलं.

होडीत फुल्क होता. आमच्या धान्याच्या कोठाराला ज्याने राजाचं कुलूप घातलं तोच फुल्क, बरोबर त्याचे भिजलेले शिपाई, आणि पायाशी एक नवंकोरं कुलूप. वाम धुरवायची कोठी तेवढी उघडी राहिली होती, तिच्यासाठी आणलेलं. टिबने होडीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढं ओढून आणायचं तर म्हातारीने जरा निवडून तरी आणायचं."

त्याचे दात वाजत होते. धुकं उतरताच होडीची वाट चुकली आणि ते नदीकडे वाहवत चालले होते म्हणे. मी त्याला स्वयंपाकघरात चुलीपाशी बसवलं आणि बिअर गरम करून दिली. दोन्ही हातांत वाडगा धरून तो ढसाढसा रडला. त्याच्या बायकोला दिवस गेलेत, तिचंच नाव घेत होता. रडताना मी बघितलं, याची त्याला मागाहून लाज वाटली असावी. कुलूप न लावताच परत गेला, पण आठवड्याच्या बाजारात जाऊन सांगत सुटला की एलरहोमच्या बायकांनी राजाच्या माणसासाठी घंटा वाजवली, म्हणजे धर्मबंदी इथे मोडली. आणि मग तो पुन्हा आला, चांगला कोरडा होऊन, राजाचा शिक्का घेऊन.

"सिस्टर, एवढंच लिहून द्या की घंटा राजेसाहेबांसाठी वाजवली," तो म्हणाला. "कोठारं आत्ताच्या आत्ता उघडतो."

"होडीत कोण आहे हे मला माहीतच नव्हतं," मी म्हटलं.

"ते कुणाला कळणार आहे?"

"माहीत असतं तर जरा थांबून वाजवली असती."

त्यावर तो हसला, आणि मीही हसले. वाईट माणूस नाही तो, हामो. नोकरी वाईट आहे त्याची.

तर आता बघ कसं झालंय. एक कागद राजाला हवा आहे, एक बिशपसाहेबांना. मी राजाला हवं ते लिहिलं तर कोठारं उघडतात आणि आमच्या म्हाताऱ्या सिस्टरना पोटभर खायला मिळतं. तुला हवं ते लिहिलं तर मी मठात राहते, आणि फुल्क मठात शस्त्र घेऊन घुसला म्हणून बहिष्कृत होतो, त्याच्या बायकोपोरासकट. दोन्ही कागद सुबक आहेत. पण घंटा वाजवणारी मी त्यांत कुठेच नाही. एकात ती राजा वाजवतो आणि दुसऱ्यात तलवार.

मदरना तुझं पत्र दाखवलं. म्हणाल्या, "लिहून टाक, भावाला हवं ते. फुल्कची सोय नरकात आधीच झालेली असेल." मग म्हणाल्या, "नाहीतर नको लिहूस." आणि गुडघे चोळत झोपायला गेल्या. त्यांचा काय इलाज आहे? त्यांना मरताना कपाटात भाकरी असावी आणि चर्चचं दार उघडं असावं, एवढंच हवं आहे. आणि त्यांतलं कुठलं आधी मागावं हे त्यांना ठरवता येत नाही.

मलाही काल-परवापर्यंत ठरवता येत नव्हतं. तू वाईट सुचवलंस असं नाही. लहानपणी मी भांडं फोडलं की तू पुढे होऊन मांजराचं नाव सांगायचास. हे तसंच आहे, मला कळतं. त्यात किती माया आहे तेही कळतं.

गुरुवार

हेरिंगवाला बांधावरून हाका मारतो आहे. दुपारच्या भरतीला निघायचं म्हणतो. आता मला वळणं घेत बसता येणार नाही.

मेणबत्ती लावली म्हटलं ते खरं आहे. कुठे लावली ते लिहिलं नाही.

बाबा तापाने गेले नाहीत, हामो. झोपेतही गेले नाहीत. आईशेजारी ते नाहीत.

धर्मबंदीचा पहिला हिवाळा होता, संत लूसीच्या सणाच्या आसपास. दुपारी धुकं उतरलं. बाबा सापळे उचलायला गेले होते. गाव मठाच्या फाटकाशी आलं. टिब पुढे होती. ती म्हणाली, "एकदाच वाजवा." मदरनी बिशपसाहेबांचं उत्तर आणलं आणि माझ्या हातात दिलं, कारण मी स्पष्ट वाचते. मी सगळ्यांना वाचून दाखवलं. 'घंटा कोणत्याही कारणासाठी वाजणार नाही. ज्याचा देवावर भरवसा आहे त्याला पाण्यावर घंटा लागत नाही.'

आणि वाचताना मला सगळ्यांत आधी काय दिसलं असेल? अक्षर. ओळीच्या शेवटच्या अक्षराची ती वर वळवलेली शेपटी. मठाच्या जाळीतून हात घालून, तुझं बोट धरून, राखेत मी तुला शिकवलेली. मला अभिमान वाटला. बाबा पाण्यावर होते आणि मी फाटकात उभी राहून मनात म्हणत होते, आपल्या हामोचं अक्षर काय सुंदर झालंय.

गावाने भांडी बडवली. बायका हाका मारत होत्या. त्या सगळ्या गोंगाटातही मला एकदा त्यांची हाक ऐकू आली. मग पुन्हा एकदा, उजवीकडून. मग आली नाही. मी मनोऱ्याखाली उभी होते आणि दोर माझ्या डोक्यावर तुळईला बांधलेला होता. मदर माझा हात धरून होत्या. मला अडवायला की स्वतःला सावरायला, ते त्यांनाही माहीत नसेल.

होडी दुसऱ्या दिवशी सापडली. बाबा वसंतात सापडले, लव्हाळी कापताना. आईशेजारी जागा होती, पण चर्चच्या आवारात कुणाला पुरत नाहीत. बांधावर मोठ्या वाळुंजाखाली ठेवलं, जिथे आपण बसायचो तिथेच. फादर वॉरिन दूर उभे राहिले, टोपी हातात घेऊन. प्रार्थना म्हणायची त्यांना मनाई होती. पण ओठ हलत होते. मी तिथे मेणबत्ती लावते, वारा तिला टिकू देत नाही, मी पुन्हा लावते.

तुला मी ताप कळवला. तू तिथे परमुलखात, कुणाच्या तरी गार मठात, धन्याबरोबर घराबाहेर पडलेला. ते वाक्य तुला जन्मभर वाचत बसावं लागू नये, एवढंच मनात होतं. ते वाक्य तुझं होतं की बिशपसाहेबांनी सांगितलं आणि तू उतरवलंस, हे मी कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. तू सांगूही नकोस. पण मी रागावले नव्हते असं समजू नकोस. फार रागावले होते. एक अख्खा उन्हाळा प्रार्थनेत तुझं नाव घेतलं नाही. मग घेतलं, कारण न घेताना ते जास्तच आठवायचं.

त्या सकाळी मनोऱ्यात हाक आली ती मला बाबांची वाटली. ते बांधावर आहेत हे ठाऊक असून. मी त्यांच्यासाठी दोर सोडला, त्यांच्यासाठी वाजवली, आणि लव्हाळ्यांतून फुल्क आला. मला वाटलं होतं आता माझं काळीज फाटेल. तसं झालं नाही. एक माणूस होता, ओला होता, जिवंत होता. मी हात चोळत खाली आले तेव्हा मला फार दिवसांच्या दुखण्यातून उठल्यासारखं हलकं वाटत होतं. हे कुणाला सांगितलेलं नाही. तुलाच सांगते आहे.

म्हणून मला मांजराचं नाव घेता येत नाही. फुल्कलाही मी त्याचा कागद दिला नाही. कोठारं बंदच आहेत. टिब आणि बाकीच्या बायका जमेल तसं पीठ आणून टाकतात. निकालात तू असं लिही, की घंटा सबीनाने वाजवली. तिला कुणी धमकावलं नाही. राजाने सांगितलं नव्हतं आणि बिशपसाहेबांशी तिचं भांडण नाही. कुणीतरी हाक मारत होतं. एवढंच. अक्षर नेहमीसारखं नीट काढ.

मला बाहेर काढलंत तर बाबांची झोपडी आहे. टिबच्या नवऱ्याने मी न सांगताच छप्पर शाकारून ठेवलं आहे, म्हणजे निकाल काय लागणार हे गावाने ठरवलेलं दिसतं. मदर म्हणतात मी जाताना सिस्टर हविसाला सांगायचं नाही, तिला कळणारच नाही. मला वाटतं तिलाच आधी कळेल.

हेरिंगवाला आता शिव्या द्यायला लागला आहे. शेवटचं सांगते आणि बांधून देते.

राजाचं आणि पोपचं कधीतरी पटेल. दमतील दोघं. मग तू घरी येशील. एलरहोमला पाण्यावाचून वाट नाही, आणि होडी तुला कधी धड चालवता आली नाही. धुकं असलं तर होडीची काठी पाण्यातून वर उचल, गप्प बस आणि ऐक. दोर माझ्या हातात असला तर मी वाजवीन. धर्मबंदी असो नाहीतर नसो, तू कोणाचा माणूस म्हणून येतो आहेस हे विचारणारही नाही. दोर हातात नसला तर बांधावर उभी राहून भांडं बडवीन, हात दुखेपर्यंत. पण त्याचा आवाज चहूकडून येतो. बाबांनी सांगितलं होतं तुला. निकाल लिहायला बसशील तेव्हा एवढं लक्षात असू दे.

तुझी मोठी बहीण, आणि पेंटेकॉस्टपर्यंत तरी घंटेची राखणदार,
सबीना